नाताळचा महाएपिसोड: ब्रिटिश विनोदी मालिका डिसेंबरातच का उगवतात?

२५ डिसेंबरला इंग्लंडमध्ये रेल्वे धावत नाही. उशिराने नाही, कमी फेऱ्या नाहीत, बंद. लंडनची भुयारी रेल्वेही बंद. मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद. इंग्लंड आणि वेल्सपुरता तसा कायदा २००४ साली झाला. केंब्रिजजवळच्या एका छोट्या गावात बहिणीकडे पहिल्यांदा नाताळात गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. चहाला दूध कमी पडेल म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडलो, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. चार वाजायच्या सुमारासच अंधारून आलेलं आणि प्रत्येक घराच्या पडद्याआड टीव्हीचा निळसर उजेड. हात हलवत परत आलो. भाऊजी म्हणाले, "अरे, आज मीठसुद्धा मिळायचं नाही. बस, टीव्ही बघ."

ब्रिटनमधल्या विनोदी मालिकांचे नाताळ विशेष भाग हे काय प्रकरण आहे ते समजून घ्यायचं, तर त्या रिकाम्या रस्त्यापासूनच सुरुवात करावी लागते. सगळा देश घरात. टर्कीचं जेवण अंगावर आलेलं. तीन वाजता राजाचं भाषण होऊन गेलेलं (ही प्रथा १९३२ साली रेडिओवर सुरू झाली, १९५७ पासून ते टीव्हीवर दिसायला लागलं). एका खोलीत तीन पिढ्या: आजी, नातवंडं, नवा जावई आणि दरवर्षी राजकारणावरून भांडण काढणारे एक काका. एकमेकांशी बोलण्यासारखं होतं नव्हतं ते साडेचारपर्यंत बोलून झालेलं. आता सगळ्यांना चालेल असं काय लावायचं?

या प्रश्नाला तिथल्या वाहिन्यांनी गेली पन्नासेक वर्षं दिलेलं ठरीव उत्तर म्हणजे एखाद्या लाडक्या विनोदी मालिकेचा खास भाग. आपल्या भाषेत महाएपिसोड. पण आपला महाएपिसोड आणि त्यांचा यात एक मोठा फरक आहे, आणि तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्याकडे मालिका रोज येते. सोमवार ते शनिवार, वर्षाला तीनेकशे भाग. त्यात एक रविवारी दोन तासांचा भाग आला तर तो चालू गाडीला जोडलेला जादा डबा असतो. ब्रिटिश सिटकॉमची, म्हणजे तीच पात्रं घेऊन चालणाऱ्या विनोदी मालिकेची, गाडी मुळात सहा डब्यांची. वर्षाला सहा भाग, अर्ध्या अर्ध्या तासाचे; लिहिणारा एक किंवा फार तर दोघं. सहा झाले की संपलं. पुढचे सहा पुढच्या वर्षी, नाहीतर तीन वर्षांनी, नाहीतर कधीच नाही. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेल्या 'फॉल्टी टॉवर्स'चं जगभर नाव झालं, पण तिचे एकूण भाग बारा: सहा १९७५ साली, सहा १९७९ साली. (तिचा नाताळ विशेष भाग कधी निघालाच नाही. बेसिल फॉल्टीच्या हॉटेलात नाताळची पाहुणेमंडळी, ही कल्पना आपण आपल्या मनातच रंगवायची.)

अमेरिकेत एका हंगामाला वीस-बावीस भाग आणि खोलीभर लेखक. तिथे नाताळचा भाग त्या बावीसांतला एक असतो, गणपतीत आपल्या मालिकांमध्ये गणपती बसतो तसा. ब्रिटनमध्ये मालिका चालूच नसते. नाताळचा भाग स्वतंत्रपणे मागवलेला, स्वतंत्रपणे लिहिलेला, बहुतेक वेळा नेहमीपेक्षा लांब. एरवी दर्शन नाही, पण सणाला हमखास दारात उभा राहणारा पाहुणा म्हणा ना.

यात सगळ्यांचीच सोय असते. लेखकाला सहा कथा सुचायची गरज नाही, एक पुरते. मालिकेमुळे मोठे झालेले नट सहा भागांसाठी महिनेच्या महिने देऊ शकत नाहीत, पण एका भागापुरते दिवस काढू शकतात. आणि वाहिनीला वर्षातल्या सगळ्यात महत्त्वाच्या संध्याकाळी खात्रीचं नाणं मिळतं. जॉन सलिव्हन यांची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. १९८१ साली सुरू झालेल्या या मालिकेचा शेवटचा नियमित हंगाम १९९१च्या सुरुवातीला संपला, पण मालिका संपली २००३ साली. मधली सगळी वर्षं ती फक्त नाताळात यायची, तीही दरवर्षी नाही.

आता वाहिन्यांचं राजकारण थोडक्यात. बीबीसी चालते परवाना शुल्कावर. टीव्ही बघणारं प्रत्येक घर वर्षाला ठरावीक रक्कम भरतं. आयटीव्ही चालते जाहिरातींवर. नाताळच्या दिवशी दुकानंच बंद, खरेदी आटोपलेली, मग जाहिरात दाखवायची कुणाला? बीबीसीला ही चिंता नाही. उलट लोकांचे पैसे आपण सत्कारणी लावतो हे दाखवायची तिची ही सर्वांत मोठी संधी. म्हणून ती या एका दिवसासाठी ठेवणीतलं बाहेर काढते. नोव्हेंबर १९८२मध्ये चॅनल फोर येईपर्यंत देशात वाहिन्या होत्या तीन. तेव्हा सामना खऱ्या अर्थाने घराघरात व्हायचा, कारण घरात टीव्ही एक आणि रेकॉर्डिंगची सोय बहुतेकांकडे नव्हती.

त्यासाठी लोक आधी अभ्यास करायचे. 'रेडिओ टाइम्स' नावाचं, बीबीसीने सुरू केलेलं कार्यक्रमपत्रिकेचं साप्ताहिक १९२३ पासून निघतं. नाताळात त्याचा दोन आठवड्यांचा जाडजूड जोडअंक येतो. १९८८च्या नाताळ अंकाच्या १ कोटी १२ लाख प्रती खपल्या. त्या काळी त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम छापायचे, आयटीव्हीसाठी 'टीव्ही टाइम्स' वेगळा घ्यायचा. ही भिंत १९९१ साली पडली. घरातला एकजण पेन घेऊन बसायचा आणि बघायच्या कार्यक्रमांभोवती गोल करायचा. बहिणीच्या शेजारच्या आजी अजून हे करतात. त्यांच्या टेबलावरचा अंक पाहिला तर प्रत्येक पानावर लाल गोल, आणि दोन कार्यक्रम एकाच वेळी असतील तिथे प्रश्नचिन्ह. आपल्याकडे दिवाळी अंकाची अनुक्रमणिका चाळताना काहीजण अशाच खुणा करतात, त्याची आठवण झाली.

हे झालं बाहेरचं. खरी गंमत विनोदाच्या आत आहे.

सिटकॉमचा कणा असा की माणसं अडकलेली असतात. नवरा-बायको, बाप-मुलगा, साहेब-कारकून, दोन शेजारी; एकमेकांचा वैताग येतो पण सुटका नाही. भागाच्या शेवटी सगळं पुन्हा होतं तिथे. कुणी श्रीमंत होत नाही, कुणी शहाणं होत नाही. शहाणं झालं तर पुढच्या आठवड्यात हसायचं कशाला? आता नाताळ बघा. त्या दिवशी पडद्याबाहेरची माणसंसुद्धा नेमकी अशीच अडकलेली असतात. सोफ्यावर दाटीवाटीने बसलेलं कुटुंब पडद्यावरच्या दाटीवाटीने बसलेल्या कुटुंबाकडे बघतं. मला वाटतं, ज्या लेखकांना हे उमगलं त्यांचे भाग टिकले. ज्यांना वाटलं की 'विशेष' म्हणजे विमानाची तिकिटं, त्यांचे बहुतेक फसले.

टिकलेल्यांपैकी माझा सगळ्यात आवडता भाग 'द गुड लाइफ'चा, २६ डिसेंबर १९७७चा. लंडनच्या कडेचं सर्बिटन हे टापटीप उपनगर. टॉम आणि बार्बरा या जोडप्याने नोकरी सोडून घराच्या बागेतच शेती मांडलीय. डुकरं, कोंबड्या, सगळं. शेजारी जेरी आणि मार्गो, पैसेवाले. मार्गोचा नाताळ दुकानातून मागवलेला असतो, अगदी झाडासकट. झाड येतं ते सांगितल्यापेक्षा सहा इंच बुटकं. मार्गो ते परत पाठवते, आणि त्याच्याबरोबर अख्खा नाताळच परत जातो. जेवण, सजावट, दारू, काहीच नाही. लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून जेरीला कांजिण्या आल्याची थाप मारली जाते. शेवटी दोघं येतात टॉम-बार्बराकडे. तिथे वर्तमानपत्राच्या टोप्या. नाताळच्या जेवणाला तिकडे 'क्रॅकर' लागतात, म्हणजे कागदी नळकांडी. दोघांनी दोन टोकं ओढली की फट्कन वाजतं आणि आतून टोपी नि एक फालतू विनोद निघतो. टॉम-बार्बराचे क्रॅकर घरी केलेले, त्यात वाजणारं काही नाहीच, म्हणून ओढणाऱ्यांनी तोंडानेच 'ठो' म्हणायचं. आयुष्यभर ताठ मानेने वावरलेली मार्गो, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी घालून, थोडी प्यायलेली, हळूहळू सैल होत जाते. पेनेलोपी कीथचा चेहरा इथे बघण्यासारखा आहे. प्रसंग सगळा एका खोलीतला, खर्च जवळपास शून्य.

या भागातली बार्बरा म्हणजे फेलिसिटी केंडल, आणि तिचं आपल्याशी नातं आहे. तिच्या आईवडिलांची शेक्सपिअरची नाटकं करणारी फिरती कंपनी भारतभर हिंडायची. ती वाढली इथेच. तिची थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूर यांची पत्नी. हा भाग दाखवला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७८ साली, शशी आणि जेनिफर यांनी जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं. तिथल्या कट्ट्यावर चहा पिताना 'सर्बिटनमधली शेतकरीण शशी कपूरची मेव्हणी' हे सांगून मी दोन-तीन जणांना चकित केलेलं आहे.

एका खोलीचा हाच धडा 'द रॉयल फॅमिली'ने पुढे गिरवला. नावात रॉयल असलं तरी हे मँचेस्टरचं कामगार कुटुंब, आणि मालिकेत ते करतं काय तर टीव्हीसमोर बसतं. एवढंच. मागून हशा नाही, पार्श्वसंगीत नाही. १९९९च्या नाताळच्या भागात मुलगी डेनीसला बाळंतकळा सुरू होतात. घाबरून न्हाणीघरात बसलेल्या लेकीजवळ बाप येऊन बसतो. हा बाप म्हणजे जिम. एरवी आरामखुर्चीतून फक्त पादण्यापुरता हलणारा आणि सगळ्यांना टोमणे मारणारा. रिकी टॉमलिन्सन आणि कॅरोलाइन अहर्न यांचा तो प्रसंग बघताना खोलीतल्या बापलोकांकडे बघू नये, ते छताकडे बघत असतात.

आग्रहाच्या जेवणाचं दुःख ज्यांनी सोसलंय त्यांच्यासाठी 'द व्हिकार ऑफ डिबली'चा १९९६चा भाग. गावची पाद्रीण जेराल्डीन कुणालाच नाही म्हणू शकत नाही आणि नाताळच्या एका दुपारी एकामागून एक घरी भरपेट जेवत सुटते. डॉन फ्रेंच बसते तशी बसता येणं ही कला आहे. चौथं पान वाढलेलं दिसतं तेव्हा तिच्या डोळ्यांत जे येतं, ते लग्नसराईत दोन कार्यालयं केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचं वाटेल.

फसलेल्यांबद्दल फार लिहीत नाही. ऐंशीच्या दशकापासून दीड तासाचे, चित्रपटासारखे भाग काढायची टूम निघाली. त्यात स्टुडिओतले प्रेक्षक नसतात, म्हणून हशाही नसतो. आणि हशाच्या तालावर लिहिलेले संवाद मोकळ्या हवेत पोरके होतात. 'ओन्ली फूल्स'ची भावंडं १९९१ साली मायामीला गेली, 'वन फूट इन द ग्रेव्ह'चा करवादलेला व्हिक्टर १९९३ साली पोर्तुगालला. ऊन छान आहे, समुद्र छान आहे, पण अडकलेपण गेलं. परदेशात चिडचिड करणारा माणूस हा पर्यटक असतो. घराच्या सोफ्यावर चिडचिड करणारा माणूस सिटकॉम असतो. 'लास्ट ऑफ द समर वाइन'चा १९८३चा लांब भाग मात्र याला अपवाद. प्रेयसीच्या घरी मेलेल्या मित्राचं शव त्याच्या बायकोला कळू न देता घरी पोचवायची तिघा म्हाताऱ्यांची धडपड त्यात आहे, आणि ते गाव सोडून कुठे जात नाहीत.

आता दुसरा प्रकार, जो मला जास्त कुतूहलाचा वाटतो. सिटकॉममध्ये काही बदलत नाही असं वर म्हटलं. नाताळचा भाग ही अशी एकमेव जागा आहे जिथे लेखकाला बदल करायची मुभा मिळते. सहा भागांच्या गाडीत जे परवडत नाही, ते इथे एका फटक्यात करता येतं.

'येस मिनिस्टर' आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. २००१ साली तिची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' स्टार प्लसवर आली होती, फारूख शेख मंत्री होते. मूळ मालिकेतले मंत्री जिम हॅकर १७ डिसेंबर १९८४च्या तासभराच्या खास भागात पंतप्रधान होतात. ('द गुड लाइफ'मधला कांजिण्यावाला जेरी आणि हे हॅकर एकच: पॉल एडिंग्टन.) सुरुवात नाताळच्या शुभेच्छापत्रांवर सह्या करण्याने होते, कुणाला नुसतं 'जिम', कुणाला नवरा-बायको दोघांचं नाव, याचे सरकारी ढीग लावलेले. आणि पंतप्रधानपद मिळतं कशावर? ब्रिटिश सॉसेजवर. ब्रुसेल्सवाले, म्हणजे युरोपीय समुदायाचे अधिकारी, आपल्या सॉसेजचं नाव बदलायला निघालेत अशी आवई उठवून हॅकर देशाचा त्राता बनतो. पुढची मालिका 'येस, प्राइम मिनिस्टर' या नावाने आली. म्हणजे हा भाग दोन मालिकांमधला पूल होता.

'द ऑफिस'ने तर शेवटच नाताळात केला. बारा भाग झाले, आणि २६ व २७ डिसेंबर २००३ला दोन खास भाग. स्लाउ गावातल्या कागद कंपनीतला टिम आणि स्वागतिका डॉन यांचं काहीच जमलं नव्हतं. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. ऑफिसच्या पार्टीत चिठ्ठ्या टाकून गुपचूप भेट द्यायची पद्धत असते. डॉन नवऱ्यामुलाबरोबर टॅक्सीत बसून निघून जाते आणि वाटेत भेट उघडते: तैलरंगांची पेटी. चित्रकार व्हायचं स्वप्न तिने कधीच गुंडाळून ठेवलेलं. पेटीत तिनेच पूर्वी काढलेलं टिमचं रेखाचित्र, त्यावर टिमच्या अक्षरात 'कधीही हार मानू नकोस' अशा अर्थाचे शब्द. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, बस्स. मग ती पार्टीत परत येते.

आणि आता तो विक्रम. २९ डिसेंबर १९९६. 'ओन्ली फूल्स'चा त्या नाताळातला तिसरा भाग. लंडनच्या पेकम भागातल्या सरकारी इमारतीत राहणारे डेल आणि रॉडनी, बंधू. तीनचाकी पिवळ्या गाडीतून वाट्टेल तो माल विकणारे. 'पुढच्या वर्षी या वेळेला आपण लखपती असू', हे डेलचं पंधरा वर्षं चाललेलं पालुपद. या भागात गॅरेजमधल्या अडगळीत त्यांना एक जुनं घड्याळ सापडतं. सापडतं कसलं, ते इतकी वर्षं तिथेच पडून होतं. ते निघतं जॉन हॅरिसनचं. हा अठराव्या शतकातला खरा घड्याळजी, भर समुद्रात रेखांश काढता येईल असं घड्याळ बनवणारा. मालिकेतलं हे हरवलेलं घड्याळ मात्र कल्पित. लिलावात त्याला ६२ लाख पौंड येतात आणि डेल आडवा होतो. पण जीव हलतो तो त्यानंतर. पैसे आल्यावर सगळे मोठ्या घरांत गेलेत, आणि एका संध्याकाळी डेल एकटाच जुन्या रिकाम्या फ्लॅटमध्ये येऊन उभा राहतो. भिंतींतून जुने आवाज ऐकू येतात.

तो भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी ८० लाखांच्या आसपास. म्हणजे पाचांतले दोघं. ब्रिटिश सिटकॉममध्ये हा आकडा आजवर कुणी ओलांडलेला नाही. हे आकडे 'बार्ब' ही संस्था निवडक घरांतल्या टीव्हींना यंत्रं जोडून काढते. आजकाल दोन आकडे सांगतात: एक त्या रात्रीचा आणि दुसरा नंतर सवडीने बघणारे धरून. २०२४च्या नाताळात 'गॅव्हिन अँड स्टेसी'चा अखेरचा भाग आला, तेव्हा त्या रात्रीचा आकडा १ कोटी २३ लाख होता, आणि नंतर बघणारे धरून तो १ कोटी ९० लाखांच्या घरात गेला. मोबाइल-लॅपटॉपच्या जमान्यात हे अचाटच. पण त्यांनी भूकही तशीच ठेवली होती. याच मालिकेच्या २०१९च्या नाताळातल्या भागात नेसा भररस्त्यात एका गुडघ्यावर बसून स्मिदीला लग्नाची मागणी घालते, आणि भाग तिथेच संपतो. तो काय म्हणाला हे कळायला देशाने पाच वर्षं वाट पाहिली.

डेलचं काय झालं ते सांगायला हवं. इतका सुंदर शेवट केल्यावर लोकांनी परत बोलावलं आणि २००१ साली सलिव्हन परत आले. पैसा शेअर बाजारात बुडालेला, मंडळी पुन्हा त्याच फ्लॅटमध्ये. तीन नाताळ असे तीन भाग झाले. माणसं तीच, पण १९९६मध्ये मिटलेलं दार पुन्हा उघडायला नको होतं असं मला वाटतं. भाऊजींना हे पटत नाही. ते दर नाताळात १९९६चे तिन्ही भाग आणि नंतरचे तिन्ही भाग ओळीने लावतात, संवाद आधीच म्हणतात, आणि घड्याळाच्या बोलीला 'बघ, बघ' म्हणून मला कोपराने ढोसतात. बहीण तेवढ्यात भांडी घासून घेते.